एक लाख साठ हजारांवर सही करण्याआधी

ताई, नमस्कार.
आम्ही मोशीत रेडी पझेशनचा फ्लॅट घेतोय. कर्ज ४५ लाखांचं, वीस वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी, दोघांच्या नावावर. मिस्टर ३७ वर्षांचे आहेत, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत. हातात ८२ हजार येतात. मी ३४ वर्षांची, खासगी शाळेत शिकवते, पगार ३२ हजार. मुलगा पहिलीत आहे, सासू-सासरे आमच्याजवळच असतात. बँकेतले साहेब म्हणतात, कर्जाबरोबर संरक्षण विमा घ्यावाच लागतो. एकदाच १ लाख ६० हजार, तेही खिशातून नको, कर्जातच टाकू. मिस्टरांना दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. ते सांगितलं तर म्हणाले, "ते लिहू नका, उगीच फाइल अडकेल." मिस्टर म्हणतात, आपली एलआयसी आहे ना पाच लाखांची, मग हे कशाला? सासरे म्हणतात, घेऊन टाका, बँकेचं आहे म्हणजे खात्रीचं. नोकरी गेली तर हप्ते भरणारा विमाही मिळतो असं ऐकलंय. पुढच्या आठवड्यात सह्या आहेत. काय करू?
– एक वाचक, मोशी

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. विमा घ्यायचाच, पण बँकेने पुढे केलेला नको. तुम्ही दोघांनी आपापला टर्म प्लॅन घ्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम देणारा साधा आयुर्विमा, आणि बीपीची गोळी फॉर्मवर स्पष्ट लिहा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कर्जाबरोबर मिळणाऱ्या विम्यात बऱ्याचदा वैद्यकीय तपासणी होत नाही. त्याऐवजी चांगल्या प्रकृतीचं एक घोषणापत्र असतं, एखाद्या पानाचं. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते मधेच कुठेतरी येतं आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारलेली असते. त्यात विचारलेलं असतं, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी कशासाठी उपचार घेतलेत का, सध्या कुठलं औषध चालू आहे का. पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. पुष्कळदा 'नाही'च्या चौकोनात खूण आधीच झालेली असते. सही मात्र तुमच्या मिस्टरांची असते, त्यामुळे विमा कंपनीच्या लेखी ते उत्तर त्यांचंच. 'लिहू नका' हा सल्ला तोंडी मिळालेला. उद्या क्लेमची वेळ आली तर ते साहेब बदली होऊन दुसऱ्या शाखेत गेलेले असतील, आणि असते तरी त्यांच्या शब्दाला कागदावर काही किंमत नाही.

विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कुठल्याही कारणाने नाकारता येत नाही. याच्याच जोरावर काही जण सांगतात, तीन वर्षं काढा, मग काळजी नाही. पण कर्जाचा बोजा सगळ्यात जास्त असतो तो याच पहिल्या तीन वर्षांत, आणि क्लेमची कसून चौकशी होते तीही याच काळात. दवाखान्यात दाखल करताना केसपेपरवर डॉक्टर लिहूनच घेतात, 'बीपीचा पेशंट, दोन वर्षांपासून औषध चालू.' शिवाय कंपनीतल्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट असतात, मेडिकलची बिलं असतात. माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला गेला तर फार तर भरलेला प्रीमियम परत मिळेल. ४० लाखांहून जास्त कर्ज तुमच्या डोक्यावर तसंच राहील. नियंत्रणात असलेल्या बीपीला टर्म प्लॅन सहसा मिळतो. तपासणी करतील, प्रीमियम थोडा वाढवून सांगतील. तो वाढीव पैसा बिनतक्रार भरा, कारण पुढे तुमचा क्लेम टिकणार आहे तो त्याच्यामुळे.

आता 'घ्यावाच लागतो' याबद्दल. अमुक विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर कर्ज देणार नाही, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. सासऱ्यांनाही शांतपणे सांगा की हा विमा बँकेचा नसतोच. बँक इथे एजंट असते आणि तिला त्यावर कमिशन मिळतं. क्लेम द्यायचा की नाही ते विमा कंपनी ठरवते, आणि ती कंपनी वेगळी. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गृहकर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो. कर्जाबरोबर बँक विम्याचे पैसे वसूल करत असेल तर ते त्यात वेगळे दाखवावे लागतात आणि कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चाच्या टक्केवारीतही धरावे लागतात. तो कागद मागून घ्या. विमा धरून आणि विम्याशिवाय, असे दोन्ही आकडे मागा.

१ लाख ६० हजार कर्जात टाकले की काय होतं? ४५ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ३९,०५२ रुपये बसतो. कर्ज ४६ लाख ६० हजारांचं झालं की हप्ता ४०,४४० होतो. महिन्याला १,३८८ रुपये जास्त. ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून तर तसंच सांगतात. पण २४० महिन्यांत ते ३ लाख ३३ हजार होतात, म्हणजे विम्याच्या दुप्पट. आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. कर्जाबरोबरचा विमा बहुतेक वेळा सामूहिक पॉलिसी असतो, बँक मुख्य पॉलिसीधारक आणि तुम्ही सभासद. त्याला ही सूट लागू नाही. तुम्हाला सांगितलेल्या आकड्यात जीएसटी धरलाय की वरून आहे, तेही विचारा.

पैशापेक्षा मला जास्त खटकतं ते या विम्याचं काम करण्याचं तंत्र. यात विम्याची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते. कर्ज घेतलं त्या दिवशीच्या व्याजदराने आणि मुदतीने एक तक्ता तयार होतो, आणि विमा त्या तक्त्याप्रमाणे उतरत जातो. तुमचं खरं कर्ज मात्र त्या तक्त्याला बांधलेलं नसतं. दर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा असंख्य लोकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत वाढली. तुमच्याच आकड्यांवर बघा. दोन वर्षांनी तुमचं सुमारे ४३ लाख १३ हजार कर्ज बाकी असेल. त्या वेळी दर साडेदहा झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर ३९,०५२ पैकी सुमारे ३७,७०० रुपये व्याजातच जातील. मुद्दल महिन्याला जेमतेम १,३०० रुपयांनी कमी होईल, आणि तिकडे विम्याचा तक्ता जुन्याच वेगाने खाली उतरत राहील. मधली तफावत कुटुंबाने भरायची. थकलेले हप्ते आणि दंड हेही त्या तक्त्यात बसत नाहीत.

दर वाढलेच नाहीत असं धरलं तरी एक आकडा लक्षात ठेवा. दहा वर्षांत तुम्ही जवळजवळ ४७ लाख रुपये भरलेले असाल आणि तरीही सुमारे साडेएकतीस लाख बाकी असतील. अर्धी मुदत झाली म्हणजे अर्धं कर्ज फिटलं असं नसतं. मिस्टर तेव्हा ४७ वर्षांचे असतील, आणि त्या वयात नवा विमा घ्यायला गेलात तर तो महाग पडतो, मिळेलच असंही नाही. म्हणून टर्म प्लॅन आत्ताच, आणि तोही उतरत न जाणाऱ्या रकमेचा.

किती रकमेचा? मिस्टरांचा मी एक कोटीचा सुचवेन. ४५ लाख कर्जाचे. मुलगा पहिलीत आहे, त्याच्या शिक्षणाला पुढे २० ते २५ लाख सहज लागतील. उरलेल्यातून तुमचा पगार आणि घरखर्च यांतली तूट आणि सासू-सासऱ्यांची औषधं भागायची आहेत. मुदत ते ६० वर्षांचे होईपर्यंत ठेवा. प्रीमियम परत मिळणारा प्लॅन दाखवतील, तो घेऊ नका, साधाच घ्या. प्रीमियम एकरकमी भरू नका, दर वर्षी भरा. एलआयसीची पाच लाखांची पॉलिसी ४५ लाखांच्या कर्जापुढे नवव्या हिश्श्याची आहे. ती चालू ठेवायची की नाही हा वेगळा प्रश्न, पण तिच्या भरवशावर हे कर्ज घेता येणार नाही, हे मिस्टरांना नक्की सांगा.

आणि तुमचा स्वतःचा विमा? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, बँकेतल्या साहेबांनीही काढलेलं दिसत नाही. घरात येणाऱ्या १ लाख १४ हजारांपैकी ३२ हजार तुमचे आहेत, म्हणजे पावपेक्षा जास्त. माझ्या ओळखीतल्या एका घरात दोघं कमावते होते, कर्ज दोघांच्या नावावर होतं आणि विमा फक्त नवऱ्याचा होता. आजारपणात गेली ती बायको. विम्याच्या प्रमाणपत्रावर तिचं नावच नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. दोघांच्या पगारावर बेतलेला हप्ता त्याने एकट्याने वर्षभर ओढला आणि शेवटी घर विकलं. तुमचा किमान ४० लाखांचा टर्म प्लॅन हवाच. काही कंपन्या किमान वार्षिक उत्पन्नाची अट घालतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करा.

टर्म प्लॅनचे पैसे कुणाच्या हातात जातात, हा खरा फरक. बँकेच्या विम्यात क्लेमची रक्कम आधी कर्जखात्यात जमा होते, उरली तर नॉमिनीला. टर्म प्लॅनमध्ये ती तुम्हाला मिळते आणि पुढचं तुम्ही ठरवता. कर्ज एकदम फेडायचं, की थोडं फेडून हप्ता कमी करायचा आणि बाकीचं मुलासाठी ठेवायचं, हे त्या वेळची परिस्थिती पाहून. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. मिस्टरांच्या पॉलिसीचा अर्ज भरताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली ती करून घ्या. सगळे त्याला 'एमडब्ल्यूपी' म्हणतात, अर्जाबरोबर एक जादा फॉर्म असतो. तसं केलं की ती रक्कम फक्त बायको-मुलांची ठरते. इतर घेणेकऱ्यांना, अगदी भाऊबंदांनाही त्यावर हात टाकता येत नाही. हे अर्जाच्या वेळीच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही, आणि एकदा लिहिलेली नावं बदलताही येत नाहीत. सासू-सासरे त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी काही बाजूला ठेवायचं असेल तर जुन्या एलआयसीवर त्यांना नॉमिनी करता येईल. हे मिस्टरांशी मोकळेपणाने बोला, म्हणजे घरात कुणाचं मन दुखणार नाही.

नोकरी गेल्यावर हप्ते भरणाऱ्या विम्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे तो सहसा सुटा मिळत नाही, गंभीर आजार किंवा अपघाताच्या पॉलिसीला जोडून येतो. मिळालाच तर बहुधा तीनच हप्ते मिळतात. राजीनामा दिला तर नाही, कामगिरीवरून काढलं तर नाही, सुरुवातीच्या काही महिन्यांत गेली तर नाही. आणि नोकरी जाते तेव्हा पुष्कळ ठिकाणी राजीनामाच लिहून घेतात, हे चाकणमध्ये काम करणाऱ्याला मी सांगायला नको. त्या प्रीमियमचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. सहा हप्ते, म्हणजे साधारण २ लाख ३५ हजार, एखाद्या एफडीत बाजूला असले की तुम्हाला नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. विमा तीनच देणार होता. फ्लॅटच्या फर्निचरला थोडं थांबवा, पण ही रक्कम आधी उभी करा. हप्ते तीन महिने थकले की खातं बुडीत धरलं जातं, आणि मग सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण घर ताब्यात घेऊन कर्ज वसूल करायच्या कायद्याखाली, साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. ते सहा हप्ते तुम्हाला तिथपर्यंत जाऊ देणार नाहीत.

अपघाताचा विमा मात्र मला वेगळा आणि खरोखर गरजेचा वाटतो. मिस्टर मोशीहून चाकणला रोज नाशिक हायवेने जातात, बाइकवर असतील तर विशेषच. माणूस वाचला पण सहा महिने अंथरुणात पडला, तर टर्म प्लॅन काहीच देत नाही आणि हप्ता तर चालूच असतो. जनरल इन्शुरन्स कंपनीची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. तिच्यात कायमचं अपंगत्व तर हवंच, शिवाय तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता आहे ना ते पाहून घ्या. हप्त्याचा विमा म्हणून जे शोधताय ते बरंचसं इथेच मिळेल. त्याच्या जोडीला पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा, आणि जीवन ज्योती, ४३६ रुपयांत दोन लाखांचा, दोघांचेही बचत खात्यातून चालू करा. जीवन ज्योतीत पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूलाच भरपाई मिळते. मिस्टरांचा पीएफ कापला जात असेल तर त्याबरोबर ईडीएलआयचा सात लाखांपर्यंतचा विमा आपोआप असतो. पीएफच्या साइटवर ई-नॉमिनेशन झालंय का, तेवढं आज रात्रीच बघा. लग्नाआधीचं नॉमिनेशन तसंच राहिलेली घरं खूप आहेत.

घराच्या इमारतीचा विमा ही आणखी वेगळी गोष्ट, तो बँक मागते आणि ते योग्यच आहे. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप सगळं त्यात येतं. फ्लॅटच्या किमतीवर नव्हे, बांधकामाच्या खर्चावर ती काढायची असते, म्हणून स्वस्त पडते. बँक सांगेल त्याच कंपनीची घ्यायला हवी असं नाही.

बँकेचा विमा कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. बीपी प्रामाणिकपणे लिहूनही टर्म प्लॅन नाकारला गेला, किंवा प्रीमियम आवाक्याबाहेर वाढवून सांगितला, तर मग तो जरूर घ्या. पण तिथेही बीपी लिहूनच. दोघांची नावं घालून, पूर्ण वीस वर्षांसाठी, आणि पैसे कर्जातून न देता खिशातून. प्रमाणपत्र हातात आल्यावर मुदत नीट वाचा. कधी कधी वीस वर्षांच्या कर्जाला पाचच वर्षांचं कवच दिलेलं असतं. न पटलेली पॉलिसी परत करायची सोय असते. वैयक्तिक आयुर्विम्याला कागद मिळाल्यापासून ३० दिवस मिळतात, सामूहिक योजनेत ती मुदत प्रमाणपत्रावर बघा. आणि पुढे कधी कर्ज दुसऱ्या बँकेत नेलंत किंवा लवकर फेडलंत, तर उरलेल्या काळाचा काही प्रीमियम परत मिळू शकतो. तो आपण मागावा लागतो, कुणी घरी आणून देत नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत करायचं ते एवढंच. टर्म प्लॅनचे दोन्ही अर्ज सह्यांच्या आधी टाका. तपासणी आणि कागदपत्रांत काही आठवडे जातील, तेवढ्यासाठी फ्लॅटचा व्यवहार अडवू नका. बँकेला ईमेल करा की विम्याची रक्कम कर्जातून वगळून सुधारित सँक्शन लेटर द्यावं, आम्ही स्वतंत्र विमा घेत आहोत. ईमेलच करा, फोन नको. लेखी मागितलं की 'घ्यावाच लागतो' हे वाक्य सहसा पुन्हा ऐकू येत नाही. तरीही अडवलं तर शाखाधिकारी, मग बँकेचा तक्रार विभाग, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. विम्याच्या तक्रारींसाठी विमा लोकपाल वेगळे आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते विनामूल्य ऐकतात.

मिस्टरांना प्रीमियम किती वाढवून सांगितला ते मला नक्की कळवा. आकडा फार वाटला तर लगेच हो म्हणू नका. बीपीकडे प्रत्येक कंपनी वेगळ्या नजरेने बघते. आणखी दोन कंपन्यांचे कोट घ्या, आणि तीनही मला पाठवा.